कॅनीनंतर हॅनिबल रोमवर का गेला नाही, आणि रोमने तह का केला नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या मैदानावर हॅनिबलने, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या रोमच्या प्रतिस्पर्धी शहराच्या सेनापतीने, रोमचं तोवरचं सगळ्यात मोठं सैन्य एका दिवसात कापून काढलं. मग तो तडक रोमवर का चालून गेला नाही? आणि एवढा मार खाऊनही रोमने तहाची बोलणी का केली नाहीत? पदवीच्या वर्गांना प्राचीन इतिहास शिकवण्यात माझी तीसएक वर्षं गेली, आणि दर वर्षी हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते कॅनीच्या मैदानावर सापडत नाही. इटलीतल्या शेकडो लहानमोठ्या गावांशी रोमने करून ठेवलेल्या करारांत ते आहे. म्हणून थोडं लांबून यावं लागेल.

वर्गात कॅनी आली की मुलांना फळ्यावर ती प्रसिद्ध चंद्रकोर काढायची असते. मी काढू देतो, कारण रचना खरोखर अभ्यासावी अशी आहे. २ ऑगस्टचा दिवस. आग्नेय इटलीत ऑफिडस नदीच्या काठी (आजची ओफान्तो) त्या वर्षीचे दोन्ही कॉन्सल सैन्य घेऊन उभे होते: ल्युशियस एमिलियस पॉलस आणि गायस टेरेन्शियस व्हॅरो. कॉन्सल म्हणजे एका वर्षासाठी निवडून आलेला सर्वोच्च अधिकारी. शहरात असला की कारभारी, मोहिमेवर असला की सेनापती. दोघं एकाच छावणीत असले की एक दिवस एकाचा हुकूम चाले, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा. त्या दिवशी पाळी व्हॅरोची होती. रोमकडे सुमारे ८०,००० पायदळ आणि ६,००० घोडेस्वार होते, हॅनिबलकडे ४०,००० पायदळ आणि १०,००० घोडेस्वार.

हॅनिबलने मधली फळी, म्हणजे गॉल आणि स्पॅनिश पायदळ, पुढे फुगवून उभी केली आणि कसलेलं आफ्रिकी पायदळ दोन्ही टोकांना मागे राखून ठेवलं. रोमन मधोमध घुसले. समोरची फळी दबत दबत मागे गेली, आणि रोमन जितके आत शिरले तितके ते आफ्रिकी तुकड्यांच्या मधल्या पोकळीत जाऊन बसले. तोवर हॅनिबलचा सरदार हस्द्रुबल याच्या घोडदळाने नदीकाठचे रोमन स्वार उधळले, मागून वळसा घालून दुसऱ्या टोकाच्या, हॅनिबलच्याच नुमिडियन (उत्तर आफ्रिकेतल्या) स्वारांना हात दिला, आणि मग ते रोमन पायदळाच्या पाठीवर येऊन आदळलं. चारही बाजू बंद झाल्या. गर्दीत हात हलवायलाही जागा उरली नाही आणि संध्याकाळपर्यंत नुसती कत्तल चालली.

किती मेले? ग्रीक इतिहासकार पॉलिबियस ७०,००० म्हणतो, रोमन इतिहासकार लिव्ही ४८,२०० म्हणतो. मला लिव्हीचा आकडा जवळचा वाटतो, कारण कैदी आणि नंतर जमा झालेली माणसं धरली तर त्यात हिशेब लागतो. एमिलियस पॉलस पडला. सिनेटचे आणि सिनेटवर जाण्याच्या योग्यतेचे मिळून ८० जण पडले. हॅनिबलचा भाऊ मॅगो विजयाची बातमी घेऊन कार्थेजला गेला तेव्हा त्याने तिथल्या सभेसमोर मेलेल्या रोमन सरदारांच्या बोटांतल्या सोन्याच्या अंगठ्यांचा ढीग ओतला. आणि हा काही पहिला पराभव नव्हता. २१८ च्या डिसेंबरात ट्रेबिया नदीवर, २१७ च्या जूनमध्ये ट्रासिमेन सरोवराच्या काठी धुक्यात, आणि आता इथे. वीस महिन्यांत तिसरा.

आता ती चंद्रकोर पुसायची आणि त्याच फळ्यावर इटलीचा नकाशा काढायचा. माझ्या वर्गात हा नेम कधी मोडला नाही.

नकाशावर रोम टायबरच्या काठी, मधोमध. पण 'रोमचं राज्य' म्हणून आपल्या डोळ्यांपुढे एकसलग रंगवलेला प्रदेश येतो, तसं तिथे काही नव्हतं. इ.स.पू. ३३८ मध्ये लॅटिन शहरांचं बंड मोडल्यावर रोमने जिंकलेल्यांना एका दोरीत बांधलं नाही. प्रत्येक गावाशी वेगळा करार केला. काहींना पूर्ण नागरिकत्व दिलं. काहींना, उदाहरणार्थ कापुआला, नागरिकत्व दिलं पण रोममध्ये मत देण्याचा हक्क दिला नाही. लॅटिन दर्जाच्या लोकांना रोमनांशी कायदेशीर व्यवहार करण्याचा आणि सोयरीक जोडण्याचा हक्क होता. उरलेले 'सोकी', म्हणजे मित्र. आपल्याकडे मांडलिक म्हटलं की खंडणी आठवते. रोमचे हे मित्र खंडणी देत नव्हते. ते माणसं देत होते. युद्ध आलं की ठरल्या हिशेबाने आपापली तुकडी, आपल्याच गावच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली, स्वखर्चाने उभी करायची. बाकी वेळी गावचे कायदे गावाचे, देव गावाचे, पंच गावाचे.

याचा परिणाम कागदावर दिसतो. इ.स.पू. २२५ मध्ये उत्तरेकडून गॉल चालून येत होते तेव्हा शस्त्र धरू शकणाऱ्या सगळ्या माणसांच्या याद्या रोमने मागवल्या. पॉलिबियसने दिलेली बेरीज आहे सात लाखांहून जास्त पायदळ आणि सुमारे ७०,००० घोडेस्वार. यातले रोमन आणि कॅम्पेनियन (कापुआच्या भागातले) मिळून अडीच लाख पायदळ, बाकी मित्रांचे. हॅनिबल आल्प्स उतरून इटलीत आला तेव्हा त्याच्याजवळ २०,००० पायदळ आणि ६,००० स्वार उरले होते. हा आकडा त्याने स्वतःच दक्षिण इटलीत लॅसिनियमच्या देवळात कोरून ठेवला होता आणि पॉलिबियसने तो लेख पाहिला होता. वीस हजार माणसं घेऊन सात लाखांच्या देशात उतरणारा माणूस वेडा तरी असतो, नाहीतर त्या सात लाखांना एकमेकांपासून तोडण्याची त्याची योजना असते. हॅनिबल वेडा नव्हता.

त्याची योजना त्याच्या वागण्यात उघड दिसते. प्रत्येक विजयानंतर तो कैद्यांचे दोन गट करायचा. रोमन नागरिकांना बेड्या, आणि मित्रगावांच्या लोकांना खंडणी न घेता मोकळं सोडायचा. घरी जा आणि सांगा, माझं भांडण तुमच्याशी नाही, रोमशी आहे, मी तुम्हाला स्वातंत्र्य द्यायला आलो आहे. दुसरा पुरावा त्याहून पक्का आहे. २१५ मध्ये त्याने मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याच्याशी केलेल्या तहाचा मजकूर पॉलिबियसमुळे आपल्याकडे आहे. त्यात रोमशी तह होईल तेव्हा एड्रियाटिकच्या पलीकडची कोणती ठिकाणं रोमने सोडायची याची यादी आहे, आणि पुढे रोमने पुन्हा युद्ध काढलं तर काय करायचं याचंही कलम आहे. म्हणजे कॅनीच्या पुढच्या वर्षीसुद्धा हॅनिबल धरून चालला होता की युद्ध संपल्यावर रोम शिल्लक राहील. दात काढलेलं, इटलीतल्या अनेक शहरांपैकी एक शहर म्हणून. रोम जाळणं हे त्याचं उद्दिष्टच नव्हतं.

आता तुमचा पहिला प्रश्न सोपा होतो. लिव्ही सांगतो की लढाईनंतर घोडदळाचा सेनानी महार्बल हॅनिबलला म्हणाला, पाचव्या दिवशी तू कॅपिटॉलवर (रोममधल्या देवळांच्या टेकडीवर) जेवशील, मला पुढे जाऊ दे. हॅनिबलने विचाराला वेळ मागितला, तेव्हा महार्बल म्हणाला की तुला जिंकता येतं, जिंकल्यावर काय करायचं ते येत नाही. प्रसंग नाट्यमय आहे, म्हणून दोन हजार वर्षं टिकला. पण लिव्ही हे दोनशे वर्षांनी लिहीत होता. कॅनी ते रोम हे अंतर रस्त्याने चारशेएक किलोमीटर. पाच दिवसांत घोडेस्वार पोचले असते, पायदळ नाही, आणि घोडेस्वार तटाला काय करणार? रोमभोवती अकराएक किलोमीटरचा दगडी तट होता. त्या वर्षी उभ्या केलेल्या दोन लिजन (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या) शहरात होत्या, ऑस्टिया बंदरातल्या आरमारातून रोमन सेनापती मार्सेलसने आणखी १,५०० माणसं तातडीने शहरात धाडली, आणि तटावर उभं राहायला हजारो नागरिक होते.

शिवाय वेढ्याचा हॅनिबलचा अनुभव काय होता ते पाहा. स्पेनमधलं सगुंटम, सगळी साधनं हाताशी असताना, घ्यायला त्याला आठ महिने लागले होते. ट्रासिमेनच्या विजयानंतर वाटेतल्या स्पोलेटियमवर त्याने हल्ला केला, तर त्या एका वसाहतीने त्याला मोठं नुकसान करून परतवलं. कॅनीनंतर कॅसिलिनम नावाच्या छोट्या गावात काहीशे शिपाई अडून बसले, त्यांना उपासमारीने शरण आणायला हिवाळा गेला. अशा सेनापतीने रोमच्या तटाखाली तळ टाकला असता तर त्याची सगळ्यात मोठी ताकद, म्हणजे मोकळ्या मैदानातली हालचाल, त्याने स्वतःच गमावली असती. मला त्याचा निर्णय बरोबर वाटतो. चूक निर्णयात नव्हती, तो ज्या गृहीतावर उभा होता त्यात होती.

गृहीत असं की भीती बसली की मित्र सुटतील, आणि मित्र सुटले की रोम बोलणी करेल. भूमध्य समुद्राच्या त्या जगात युद्धं अशीच संपत असत. दोनएक मोठ्या लढाया, मग दूत, मग तह. हॅनिबलने आपलाही दूत पाठवला, कार्थालो नावाचा, कैद्यांच्या प्रतिनिधींबरोबर. त्याला रात्र व्हायच्या आत रोमची हद्द सोडायला सांगण्यात आलं. छावणीत पकडले गेलेले ८,००० रोमन होते आणि माणशी ठरावीक रक्कम दिली की ते सुटणार होते. त्यांच्यातले दहा जण परत येण्याची शपथ घेऊन रोममध्ये आले. नातेवाईक चौकात रडत उभे होते. सिनेटने नकार दिला. दहांपैकी एकाने शपथेतून सुटायची युक्ती केली होती. छावणीतून निघाल्यावर काहीतरी विसरल्याचं निमित्त करून तो परत जाऊन आला होता, म्हणजे 'परत येईन' हे वचन पाळलं असं म्हणता येईल. सिनेटने त्याला बांधून हॅनिबलकडे पाठवून दिलं.

त्याच वेळी सरकारी पैशाने ८,००० तरुण गुलाम त्यांच्या मालकांकडून विकत घेऊन, तुमची तयारी आहे का असं एकेकाला विचारून, लिजनमध्ये भरती केले गेले. नागरिक कैद्यांना सोडवणं याहून स्वस्त पडलं असतं, असं लिव्हीच सांगतो. हा निर्णय क्रूर होता. पण त्यातून मित्रगावांना, सैनिकांना आणि हॅनिबलला एकच निरोप गेला: सौदा नाही.

रोमन लोक घाबरले नव्हते असं मात्र कुणी समजू नये. शहरात इतकं सुतक होतं की सेरेस देवीचा वार्षिक उत्सव करायला सुतकाबाहेरची एकही स्त्री सापडेना. तेव्हा शोक ३० दिवसांत संपवावा असा आदेश निघाला. गुरांच्या बाजारात एक गॉल आणि एक ग्रीक जोडपं जिवंत पुरलं गेलं. नरबळी रोमच्या धर्मात बसत नव्हता, हे रोमन स्वतःच म्हणत. तरी तो दिला. एवढी भीती होती. आणि एवढ्या भीतीतही व्हॅरो, पराभूत सेनापती, उरलीसुरली माणसं घेऊन परतला तेव्हा सगळ्या थरांतले लोक त्याला सामोरे गेले आणि 'प्रजासत्ताकाविषयी निराश झाला नाहीस' म्हणून त्याचे आभार मानले गेले. कार्थेजमध्ये पराभूत सेनापतीला क्रूसावर चढवल्याची उदाहरणं आहेत. हा फरक मी मुलांना दोनदा सांगतो.

का नाही केला तह? रोमन स्वभाव हट्टी, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, जरी हट्टाची परंपरा होती. २८० मध्ये ग्रीक राजा पिऱ्हसने हेराक्लियाच्या लढाईत रोमला हरवल्यावर सिनेट तहाकडे झुकलं होतं, तेव्हा आंधळा म्हातारा अप्पियस क्लॉडियस सभेत येऊन कडाडला आणि पिऱ्हस इटलीतून निघून जाईपर्यंत बोलणी नाहीत असं ठरलं. पण माझ्या मते कारण रचनेतच आहे. एकतर तह करू शकेल असा एक माणूसच रोममध्ये नव्हता. राजा हरला की राजा तह करतो. इथे कॉन्सल वर्षाने बदलायचे, आणि निर्णय सुमारे ३०० माणसांच्या सिनेटमध्ये व्हायचा, जिथे तहाची भाषा पहिल्यांदा काढणाऱ्याचं राजकारण त्याच दिवशी संपलं असतं. दुसरं याहून मोठं. हॅनिबलने मागितलं असतं ते मित्रांवरचं वर्चस्व, आणि ते गेलं की रोमजवळ दुसरं काही नव्हतं. खंडणी नाही, मोठ्या खाणी नाहीत, भाडोत्री सैन्य नाही. रोमची सगळी दौलत म्हणजे दुसऱ्या गावांची माणसं रोमच्या हाकेला येतात ही एक सवय. ती तहात लिहून द्यायची म्हणजे मरणच.

मग मित्र सुटले का? सुटले, आणि पुष्कळ सुटले. हॅनिबलचा अंदाज अर्धा खरा ठरला. अर्पी हे गाव, बरेचसे सॅम्नाइट, लुकानियन, ब्रुटियन अशा दक्षिणेकडच्या जमाती, आणि इटलीतलं रोमखालोखालचं शहर कापुआ. पुढे टॅरेंटम. पण कापुआने घातलेल्या अटी वाचा: कार्थेजच्या अधिकाऱ्याचा कापुआच्या नागरिकावर कोणताही अधिकार चालणार नाही, आणि कुणालाही इच्छेविरुद्ध सैन्यात घेतलं जाणार नाही. या दोन ओळींत हॅनिबलचं युद्ध हरलं, असं मी म्हणतो. त्याने स्वातंत्र्य देऊ केलं होतं, लोकांनी ते शब्दशः घेतलं. रोमचा मित्र रोमला सैनिक देत होता. हॅनिबलचा मित्र हॅनिबलकडून संरक्षण मागत होता. प्रत्येक नव्या मित्रागणिक त्याच्या खांद्यावर एक ओझं वाढत गेलं. कापुआवर रोमन आले की धाव कापुआकडे, टॅरेंटमच्या किल्ल्यात रोमन अडून बसलेत म्हणून धाव टॅरेंटमकडे. आणि एक गाव त्याच्याकडे आलं की त्याचा शेजारी हमखास रोमकडे राहायचा, कारण गावागावांतली बांधाची भांडणं रोमहून जुनी होती. कापुआ गेलं, पण नेपल्स, नोला, क्यूमी जागचे हलले नाहीत. बंदर हवं म्हणून नेपल्ससाठी त्याने पुन्हा पुन्हा धडपड केली, ते मिळालं नाही.

कापुआच्या सुखात त्याचं सैन्य सैल झालं, ही लिव्हीची कथा सोडून द्यावी. सैल झालेलं सैन्य त्यानंतर दशकाहून जास्त काळ परक्या मुलखात टिकत नाही.

रोमने काय केलं ते आता थोडक्यात सांगता येईल, कारण ते कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच परिणामकारक ठरलं. फेबियस मॅक्सिमस २१७ मध्ये हुकूमशहा (संकटकाळापुरता नेमलेला सर्वाधिकारी) असताना हेच सांगत होता: हॅनिबलशी मैदानात भिडू नका, डोंगराच्या कडेने मागे राहा, चारा आणि धान्य तोडा. तेव्हा लोकांनी त्याला 'रेंगाळणारा' म्हणून हिणवलं आणि त्याचा हाताखालचा अधिकारी मिन्युशियस याला त्याच्या बरोबरीचा अधिकार देऊन टाकला. कॅनीनंतर त्याचंच धोरण सगळ्यांचं झालं. हॅनिबल एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो, रोम अनेक ठिकाणी असू शकतं. २१२ च्या सुमारास रोमच्या एकूण २५ लिजन इटली, स्पेन, सिसिली, सार्डिनिया अशा पसरून लढत होत्या. एक त्याच्या मागावर, बाकीच्या त्याच्या मित्रांच्या वेशीवर. २११ मध्ये कापुआचा वेढा उठावा म्हणून तो खरंच रोमच्या वेशीपर्यंत आला. रोमनांनी वेढा उठवला नाही. कापुआ पडलं, तिथल्या पुढाऱ्यांची डोकी उडाली, आणि शहराचं स्वतःचं नगरशासन संपलं.

पैशाची कथा निराळी सांगावी लागेल, पण दोन गोष्टी. २१५ मध्ये युद्धकर दुप्पट झाला, आणि स्पेनच्या फौजेला रसद पुरवायचं काम ठेकेदारांच्या तीन मंडळ्यांनी उधारीवर घेतलं. जुनं तांब्याचं नाणं वजनाने घसरत गेलं, आणि २११ च्या आसपास डिनारियस हे चांदीचं नवं नाणं निघालं. पुढची चारशेहून जास्त वर्षं चाललेला डिनारियस या टंचाईत जन्मला.

माझ्या दृष्टीने या युद्धातला सर्वांत धोक्याचा क्षण कॅनी नव्हे. तो २०९ मध्ये आला, आणि त्यात रक्ताचा एक थेंब सांडला नाही. रोमच्या तेव्हा ३० लॅटिन वसाहती होत्या. जिंकलेल्या मुलखात जमीन देऊन बसवलेली तटबंदीची गावं. त्या वर्षी त्यांपैकी १२ जणींच्या प्रतिनिधींनी कॉन्सलांना तोंडावर सांगितलं: आमच्याकडे आता ना माणसं उरली ना पैसा. दहा वर्षं दरसाल तुकड्या जात होत्या आणि परत कुणी येत नव्हतं. कॉन्सल रागावले, समजावू पाहिलं, उपयोग झाला नाही. सिनेटमध्ये घबराट पसरली, कारण उरलेल्या १८ जणींनीही हेच म्हटलं असतं तर कॅनीत जे झालं नाही ते त्या दिवशी झालं असतं. तेव्हा फ्रेगेली गावचा मार्कस सेक्स्टिलियस त्या अठरांच्या वतीने उभा राहिला आणि म्हणाला, ठरलेली माणसं तयार आहेत, जास्त लागली तर जास्त देऊ.

इथे मी मुलांना नकाशावर दोन रंगांचे खडू वापरायला सांगतो. नकार देणाऱ्या बारा कुठे होत्या? अर्डिया, नेपेटे, सुट्रियम, कॅलीस, नार्निया: बहुतेक रोमच्या जवळपास, मध्य इटलीत. आणि पाठीशी राहिलेल्यांत कोण? व्हेनुसिया, लुसेरिया, ब्रुंडिसियम, बेनेव्हेंटम, पिस्टम. म्हणजे हॅनिबलच्या अगदी तोंडाशी असलेल्या. पहिल्यांदा बघताना हे उलटं वाटतं. पण व्हेनुसियाची माणसं जिथे शेती करत होती ती जमीन इ.स.पू. २९१ मध्ये सॅम्नाइट युद्धात जिंकून घेतलेली होती, आणि ज्यांची ती होती त्यांचे नातू आसपासच राहत होते. रोम गेलं तर व्हेनुसियाला उद्याचा दिवस नव्हता. अर्डियाचा जीव रोमवर तसा टांगलेला नव्हता. निष्ठा म्हणून जे दिसतं त्यात कृतज्ञता किती, भाषेचं नातं किती आणि जमिनीची भीती किती, हे वेगळं काढता येत नाही. पण रोमने वसाहती कुठे बसवल्या हे पाहिलं की त्या भीतीचा उपयोग आधीच मोजून ठेवला होता हे लक्षात येतं.

व्हेनुसियाचं आणखी एक. कॅनीच्या संध्याकाळी व्हॅरो सत्तरएक स्वारांसह पळून याच गावात शिरला. नंतर जमा झालेल्या फाटक्या शिपायांना गावकऱ्यांनी घराघरांत वाटून घेतलं, प्रत्येकाला अंगरखा आणि वर पैसे दिले. शेजारच्या कॅन्युसियममध्ये ब्युसा नावाच्या एका श्रीमंत बाईने आपल्या खर्चाने धान्य, कपडे आणि वाटखर्च पुरवला. लढाईनंतर थोड्याच दिवसांत दोन्हीकडे मिळून दहाएक हजार माणसं पुन्हा सैन्यासारखी दिसू लागली. हॅनिबलला मोडायची होती ती नेमकी ही गोष्ट, आणि ती त्याच्या छावणीपासून थोड्याच अंतरावर घडत होती.

स्पेनचा उल्लेख केल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. २१८ मध्येच, हॅनिबल इटलीच्या वाटेवर असताना, रोमने स्पेनला निघालेली फौज परत बोलावली नाही. तिने त्याची रसद आणि भरती तोडली. त्याचा भाऊ हस्द्रुबल (कॅनीच्या लढाईतला हस्द्रुबल वेगळा) मदत घेऊन अखेर २०७ मध्ये इटलीत पोचला आणि मेटॉरस नदीवर मारला गेला. हॅनिबलला ते कळलं ते भावाचं मुंडकं त्याच्या चौकीसमोर फेकलं गेलं तेव्हा. स्पेनमध्ये २१० पासून पब्लियस कॉर्नेलियस सिपिओ होता. वय पंचविशीच्या आसपास, आधी कॉन्सल नाही की प्रेटर (कॉन्सलच्या खालोखालचा अधिकारी) नाही, तरी लोकांनी त्याला सेनापती केलं. नियम वाकवणं तेव्हा गरजेचं होतं. दीडशे वर्षांनी त्याच वाकलेल्या नियमांतून सुल्ला आणि सीझर आले, पण तो वेगळा प्रश्न आहे, विचारलात तर स्वतंत्र लिहीन.

कॅनीतून वाचलेल्यांचं काय झालं, हे मात्र सांगायलाच हवं, कारण पुस्तकांत ते एका ओळीत उरकतात. सिनेटने त्यांना शिक्षा केली. व्हॅरोचे आभार मानणाऱ्याच सिनेटने या शिपायांना सिसिलीत धाडलं आणि शत्रू इटलीत असेतोवर घरी यायचं नाही असं ठरवलं. हिवाळ्यात गावात मुक्काम करायचीही त्यांना मनाई होती. २१२ मध्ये त्यांनी मार्सेलसकडे विनवणी केली की आम्हाला लढू द्या, डाग पुसू द्या. सिनेटने ऐकलं नाही. गुलामांतून भरती झालेले शिपाई २१४ मध्ये बेनेव्हेंटमला जिंकून स्वतंत्र नागरिक झाले, आणि जन्माने नागरिक असलेले हे लोक वर्षामागून वर्ष तिथेच राहिले.

२०४ मध्ये आफ्रिकेवर चाल करण्यासाठी सिपिओ सिसिलीत सैन्य निवडत होता. तो स्वतः कॅनीतून निसटून कॅन्युसियमला पोचलेल्यांपैकी होता. ही लढाई शिपायांच्या भित्रेपणामुळे गेलेली नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने याच लिजन उचलल्या. इ.स.पू. २०२ मध्ये आफ्रिकेतल्या झामाला हॅनिबल समोर आला, तेव्हा २१६ साली विशीत असलेले शिपाई पस्तिशीकडे झुकले होते. हॅनिबलच्या कसलेल्या जुन्या फळीशी त्यांची झुंज बराच वेळ कुणाच्याच बाजूने झुकेना. मग आता रोमच्या बाजूने लढणाऱ्या मॅसिनिसाचे नुमिडियन आणि सिपिओचा साथीदार लीलियस याचे स्वार पाठलाग सोडून मागे वळले आणि पायदळाच्या पाठीवर आदळले. या वेळी पाठ हॅनिबलच्या माणसांची होती.